चीज, हात आणि नाद

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कर्वे रस्त्यावरच्या एका घरातून आम्हाला बोलावणे आले. घर आमच्या सरांचे. सरांना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. आज आम्ही दोघे ज्या महाविद्यालयात मराठी शिकवतो, त्याच महाविद्यालयात पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थी होतो आणि पुरुषोत्तम करंडकासाठी बसवलेल्या आमच्या एकांकिकांना सर संगीत देत असत. विषय त्यांचा पदार्थविज्ञान. पेटी त्यांनी लहानपणी घरीच हात बसवून आत्मसात केलेली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात केव्हातरी त्यांनी एक जपानी कीबोर्ड घेतला. कोणत्याही कंपनीच्या अशा वाद्याला 'कॅसिओ' म्हणण्याची आपल्याकडे तेव्हा पद्धत होती. आम्हीही 'सरांचा कॅसिओ' असेच म्हणत असू. काकूंनी तो कीबोर्ड आमच्यापुढे ठेवला, शेजारी सहा फ्लॉपींची डबी ठेवली आणि म्हणाल्या, "ह्यांच्या सगळ्या चाली ह्यात आहेत. ऐकता येतील का?"

ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर 'हो' की 'नाही', हे सांगणे किती अवघड आहे ते आम्हाला पुढच्या महिनाभरात कळले. उत्तर शोधताना संगणकाच्या वायरींइतकेच संगीताच्या इतिहासातही शिरावे लागले. गाणे जतन करायचे म्हणजे त्यातले नेमके काय जतन करायचे, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. दीडशे वर्षे ह्या शहरात त्याची वेगवेगळी उत्तरे दिली गेली आहेत. सरांचा कॅसिओ हे त्या मालिकेतले अलीकडचे टोक आहे, असे आम्हाला वाटू लागले. प्रस्तुत लेख त्याविषयी.

प्रथम घडले ते सांगतो. फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह आता घरोघरी नसतो. यूएसबीला जोडता येणारा एक मिळवला. सहांपैकी दोन फ्लॉपी वाचल्याच गेल्या नाहीत. उरलेल्या चारांवर एकतीस फाइली निघाल्या. सगळ्यांच्या नावांपुढे 'मिड' ही तीन अक्षरी ओळख, म्हणजे ह्या मिडी फाइली. पहिली फाइल उघडली आणि संगणकातून सूर आले. चाल ओळखीची होती. एका एकांकिकेतल्या लग्नाच्या प्रसंगाची ती सनई. रंगमंचाच्या विंगेत बसून सर ती वाजवत, ते आम्हाला स्पष्ट आठवत होते. पण ऐकू आली ती सनई त्यांची नव्हती. आवाज पातळ, चिरका, खेळण्यातल्या पिपाणीसारखा. दुसऱ्या फाइलीत पेटी असायला हवी होती. तिथे चक्क पियानो वाजला. तिसऱ्या फाइलीत तबल्याच्या जागी पाश्चात्त्य ड्रम आणि झांजा. चाली बरोबर, लय बरोबर, हरकतीसुद्धा बरोबर. पण जणू कोणी परक्या माणसाने सरांची नक्कल करावी तसे सारे. काकू थोडा वेळ ऐकून आत निघून गेल्या.

हे असे का झाले, ते कळण्यासाठी मागे जायला हवे.

गाणे कागदावर उतरवण्याचा खटाटोप आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोराने सुरू झाला. १८७४ साली पुण्यात गायन समाज स्थापन झाला. शिकलेल्या मध्यमवर्गाला गाण्याची गोडी लावावी, गाण्याला प्रतिष्ठा मिळवून द्यावी आणि ते शिकवण्याची पद्धत बसवावी, ही त्यामागची दृष्टी. पद्धत बसवायची तर स्वर लिहिता आले पाहिजेत. पुढे विष्णु दिगंबर पलुस्कर आणि विष्णु नारायण भातखंडे ह्या दोघांनी आपापल्या स्वरलेखनपद्धती निर्माण केल्या. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग मुळात मराठीतले. घराण्यांच्या कुलुपात असलेल्या शेकडो चिजा त्यांनी लिहून काढल्या, आणि ज्यांच्या वाट्याला उस्ताद येणे शक्य नव्हते अशा हजारो विद्यार्थ्यांपर्यंत त्या पोहोचवल्या. हे काम केवढे मोठे हे सांगायला नको. तरी लिहिलेल्या चिजेत काय राहते आणि काय निसटते, ह्याविषयीची कुरबूर तेव्हापासून आजवर चालू आहे. कागदावर राहते ती चीज. गाणाऱ्याने ती कशी म्हटली ते कागदावर राहत नाही.

ह्याचे पुण्यातले सर्वांत बोलके उदाहरण भास्करबुवा बखले ह्यांचे. १८६९ ते १९२२ हा त्यांचा काळ. १९११ साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या 'संगीत स्वयंवर'च्या चाली त्यांच्या. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, गोविंदराव टेंबे अशी शिष्यमंडळी. भारतात ध्वनिमुद्रणाला १९०२ साली कलकत्त्यात सुरुवात झाली होती, म्हणजे भास्करबुवांच्या हयातीतली शेवटची वीस वर्षे ग्रामोफोनच्या युगातली. त्यांच्या समकालीनांच्या तबकड्या निघाल्या, त्यांच्या शिष्याच्या, बालगंधर्वांच्या तबकड्या तर घरोघरी गेल्या. पण खुद्द भास्करबुवांच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. त्यांनी बांधलेल्या चाली आहेत, शिष्यांनी सांगितलेल्या आठवणी आहेत, शिष्यांच्या गळ्यांतून झिरपलेली गायकी आहे. नाद मात्र नाही. ग्रामोफोनची तबकडी तीनेक मिनिटांची असे. त्या तीन मिनिटांत ख्याल कसा मावणार, हा आक्षेप योग्यच होता. पण ज्यांनी तो आक्षेप मानून तबकडी नाकारली आणि ज्यांनी तीन मिनिटे तर तीन मिनिटे म्हणून तोंड कर्ण्यासमोर धरले, त्यांच्यात आज आपल्यापुरता फरक आहे. दुसऱ्यांना आपण ऐकू शकतो.

चीज आणि नाद, लिहिलेले गाणे आणि मुद्रित गाणे, अशी ही सरळ विभागणी. परंतु ह्या दोहोंच्या मधे आणखी एक थर असतो. त्याला आम्ही 'हात' म्हणतो.

१९०४ च्या सुमारास जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथील वेल्टे कंपनीने एक अजब पियानो बाजारात आणला. वादक पियानोसमोर बसून वाजवी आणि त्याने कोणती पट्टी केव्हा दाबली, किती वेळ धरली, किती जोर दिला ह्याची नोंद कागदाच्या लांबलचक पट्टीवर होई. तिच्यावरून भोके पाडलेला कागदाचा गुंडाळा तयार करीत. तो दुसऱ्या पियानोला लावला, की पट्ट्या आपोआप खालीवर होत आणि तो वादक अदृश्य रूपाने तिथे बसला आहे असा भास होई. गुस्ताव मालर हा थोर संगीतकार १९११ साली वारला. त्याने १९०५ साली अशा चार गुंडाळ्यांवर आपले वादन नोंदवून ठेवले. आज ते गुंडाळे चांगल्या पियानोवर लावून ऐकता येतात. पण मालरने ज्या पियानोवर वाजवले, त्याचा आवाज त्या कागदावर नाही. कागदावर आहे तो केवळ हात. हाताला वाद्य आपण पुरवायचे.

मिडी म्हणजे हाच गुंडाळा, विजेच्या भाषेत. १९८०च्या सुमारास सिंथेसायझर बनवणाऱ्या कंपन्या अनेक होत्या, आणि एकीचे वाद्य दुसरीच्या वाद्याशी जोडले जात नसे. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी ह्यांच्या पुढाकाराने सर्वांनी मिळून एक सामाईक भाषा ठरवली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वाद्यप्रदर्शनात एका कंपनीचा कीबोर्ड वायरीने दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डाला जोडला गेला. एकावर बोटे फिरली आणि दुसराही वाजला. ती भाषा अगदी काटकसरीची आहे. पट्टी दाबली की तीन छोटे आकडे वायरीतून जातात : पट्टी दाबली ही खबर आणि सोळांपैकी कोणत्या वाहिनीवर, ती कोणती पट्टी (मधल्या पांढरी एकला ६० हा क्रमांक), आणि ती किती वेगाने दाबली (१ ते १२७). पट्टी सोडली की पुन्हा खबर. सूर खालीवर सरकवणारे चाक फिरवले तर त्याचेही आकडे, १६,३८४ पायऱ्यांचे. वाद्य बदलायचे तर 'अमुक क्रमांकाचे वाद्य लाव' अशी आज्ञा. ह्या वायरीतून आवाज जातच नाही. आवाज काढायचा तो पलीकडच्या यंत्राने, त्याच्या पोतडीत असेल तो.

भातखंड्यांच्या लिपीपेक्षा ही नोंद खूप सूक्ष्म. सरांच्या फाइलींत त्यांनी सनईच्या सुरावर घेतलेली मींड होती, समेच्या किंचित आधी येण्याची त्यांची सवय होती, दमून चुकलेली एक पट्टीसुद्धा होती. हात पुरता जसाच्या तसा. नाद तेवढा नव्हता, कारण तो फ्लॉपीवर कधी गेलाच नव्हता.

मग सरांनी आवाजच का नाही मुद्रित केला? ह्याचे उत्तर फ्लॉपीच्या पोटात आहे. फ्लॉपीची क्षमता १.४४ एमबी. सीडीच्या दर्जाचा आवाज साठवायचा तर सेकंदाला ४४,१०० वेळा त्याचे मोजमाप करावे लागते, तेही डाव्या-उजव्या कानांसाठी वेगळे. हिशेब केला तर मिनिटाला सुमारे १० एमबी होतात. म्हणजे एका फ्लॉपीवर आवाज मावणार आठ सेकंदांचा. ह्याउलट तीन-चार मिनिटांच्या गाण्याची मिडी फाइल तीस-चाळीस केबीची. तशी पस्तीस-चाळीस गाणी एका फ्लॉपीवर सुखाने राहत. त्या काळच्या घरगुती संगणकाची हार्ड डिस्कही काही जीबींचीच. ग्रामोफोनच्या तीन मिनिटांनी जशी आपल्या गाण्याला एक शिस्त लावली, तशी ह्या १.४४ एमबीने घरगुती संगीतकारांना लावली. हात ठेवा, नाद सोडा. आणि नाद सोडल्याची खंतही कोणाला वाटली नाही, कारण नाद पुरवणारे वाद्य समोरच टेबलावर होते. ते नेहमीच तिथे राहील असे प्रत्येकाला वाटत होते.

संगणकाच्या पोतडीत काय असावे, ह्याचा एक करार १९९१ साली झाला. 'जनरल मिडी' नावाने १२८ वाद्यांची एक यादी ठरली. एक क्रमांक सर्वत्र पियानो, एकेचाळीस सर्वत्र व्हायोलिन, असे. ह्या यादीत १०५ क्रमांकावर सतार आहे आणि ११२ क्रमांकावर सनई आहे, तेवढे आपले नशीब. पण तबला नाही, तानपुरा नाही, बाजाची पेटी नाही. पेटीच्या सर्वांत जवळचा म्हणजे एकविसावा 'रीड ऑर्गन'. शिवाय करार आहे तो फक्त क्रमांकांचा. ११२ला सनई लावायची एवढेच ठरले. ती सनई कशी वाजावी हे ज्या त्या कंपनीने आपल्या कानाप्रमाणे ठरवले. म्हणून सरांची सनई आमच्या संगणकावर पिपाणी झाली. तबल्याची गोष्ट आणखी निराळी. पुढे भारतीय बाजारासाठी म्हणून जे कीबोर्ड निघाले त्यांत तबला, तानपुरा, पेटी असे आवाज मुद्दाम घातले गेले. पण ते ह्या सामाईक यादीबाहेरचे, त्या त्या वाद्याच्या खाजगी कप्प्यांतले. फाइलीत फक्त कप्प्याचा क्रमांक राहतो. दुसऱ्या यंत्रात तो कप्पाच नसला, की त्याला सुचेल ते तो वाजवतो; बहुधा पियानो.

ह्या ठिकाणी एक जुना वाद आठवल्यावाचून राहत नाही. हार्मोनियम मूळची युरोपची. भारतात ती हाताने भाता मारण्याजोगी झाली, मांडीजवळ आली आणि संगीत नाटकाबरोबर महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचली. पण तिच्या ठरीव बारा पट्ट्यांत आपल्या श्रुती कशा बसणार, हा आक्षेप तिच्या पाठीस कायम राहिला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडणारे इंग्रजी पुस्तक १९१० साली पुण्यात प्रसिद्ध केले. आय.सी.एस. अधिकारी ई. क्लेमेंट्स ह्यांच्या साहाय्याने श्रुती वाजवणारी खास हार्मोनियमही तयार झाली, आणि १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वाद रंगला. पुढे १ मार्च १९४०पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदीच केली. १९५३ साली पुण्यात आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले तेव्हाही ती चालू होती. १९७१ साली ती अंशतः उठली. ज्या पुण्यात पेटीवाल्यांचे स्वतंत्र चाहते होते, तिथल्याच केंद्रावर पेटी पहिली अठरा वर्षे परकी होती.

ह्या वादाचा मिडीशी संबंध असा. श्रुती पट्टीच्या क्रमांकात नसतात, त्या वाद्याच्या पोटात असतात. तीच पट्टी दाबावी, पण सूर कोणता निघावा हे आतल्या रीडने ठरवावे. आजच्या पुष्कळ कीबोर्डांत बारा स्वरांपैकी प्रत्येक स्वर थोडा चढवता-उतरवता येतो, गंधार किंचित उतरवून ठेवता येतो. तसा तो ठेवला तर ती निवडही वाद्यातच राहते. फाइलीत पट्टीचा साधा क्रमांक जातो. म्हणजे कोणाच्याही मिडी फाइलीवरून त्याचा गंधार कसा होता हे सांगता यायचे नाही. वाद्याचा स्वतःचा आवाज मुद्रित करणे म्हणूनच नुसत्या हौसेची गोष्ट नाही. वादकाच्या कानाने केलेल्या निवडी त्याच आवाजात असतात.

सरांच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे ठरले. त्यांना कीबोर्डातली कोणतीच तयार पेटी पसंत नव्हती. रीड ऑर्गन आणि अकॉर्डियन असे दोन आवाज एकावर एक चढवून, एकाचा सूर केसभर उतरवून, त्यांनी स्वतःची एक पेटी घडवली होती आणि ती वाद्याच्या स्मृतीतल्या एका रिकाम्या घरात ठेवली होती. त्या घराचा क्रमांक फाइलीत होता. घडवलेली पेटी वाद्यात. वाद्याची ही स्मृती जिवंत ठेवण्याचे काम आत बसवलेली एक लहानशी गोल बॅटरी करते. तिचे आयुष्य संपले की ते घर पुन्हा रिकामे होते. वीस-बावीस वर्षांनंतर ती बॅटरी अजून तग धरून होती, हे आमचे नशीब. कीबोर्ड सुरू करून आम्ही तो क्रमांक लावला, एक पट्टी दाबली, आणि आत गेलेल्या काकू बाहेर येऊन दाराशी उभ्या राहिल्या.

आता काय करायचे ते स्पष्ट होते. हात फाइलीत आहे, नाद वाद्यात आहे; दोघांची गाठ घालून द्यायची आणि ती बॅटरी संपण्याच्या आत नाद संगणकात उतरवून घ्यायचा.

हे काम कसे केले ते थोडक्यात लिहितो, कारण अशी डबी आणि असा कीबोर्ड पुण्यात आणखी कित्येक घरांत माळ्यावर असणार. वायरी दोन लागतात आणि त्यांची दिशा उलट असते. पहिली संगणकाकडून कीबोर्डाकडे : मिडीची, पाच टाचण्यांची. पूर्वी ती साउंड कार्डाच्या जॉयस्टिकच्या पंधरा टाचण्यांच्या खाचेत बसे. ती खाच आता संगणकांवर नसते, त्यामुळे यूएसबी-मिडी वायर घ्यावी लागते. दुसरी कीबोर्डाकडून संगणकाकडे : आवाजाची. कीबोर्डाच्या 'लाइन आउट'मधून, तो नसेल तर हेडफोनच्या खाचेतून, संगणकाच्या 'लाइन इन'मध्ये. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत पाव इंची जॅकपासून साडेतीन मिलीमीटरपर्यंत हवी ती वायर मिळते; मात्र ती स्टीरिओ आहे ना, हे विचारून घ्यावे. यूएसबीची एकच वायर जोडली की कीबोर्डाचा आवाज आपोआप संगणकात येतो, असा समज सर्वत्र आढळतो. आमचाही होता. बहुतेक साध्या कीबोर्डांच्या यूएसबीतून तेच मिडीचे आकडे जातात, आवाज नव्हे.

लॅपटॉपला 'लाइन इन' नसते, केवळ माइकची खाच असते. ती माइकच्या अशक्त आवाजासाठी केलेली. तिच्यात कीबोर्डाचा दणकट आवाज घातला की तो फाटतो. त्यासाठी बाहेरून जोडायची एक छोटी ध्वनिपेटी लागली, ती आमच्या एका विद्यार्थ्याने उसनी दिली. मुद्रणासाठी ऑडॅसिटी ही २०००पासून विनामूल्य मिळणारी प्रणाली पुरेशी झाली. पातळी अशी ठेवली की सर्वांत मोठा ठोकाही काट्याच्या टोकापर्यंत पोहोचू नये. एकदा आवाज वरच्या मर्यादेला आपटला की त्याचे छाटलेले टोक पुढे कोणत्याही युक्तीने परत येत नाही; हळू झालेला आवाज मात्र नंतर वाढवता येतो. पहिल्या दिवशी सगळ्या मुद्रणामागे एक सखल घरघर येत राहिली. ती विजेच्या ५० आवर्तनांची, दोन यंत्रांच्या अर्थिंगमधल्या भांडणाची. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला आणि ती थांबली. सर असते तर हे त्यांनी फळ्यावर आकृती काढून समजावले असते.

मग संगणकावरून फाइल सुरू केली. सरांच्या कीबोर्डाच्या पट्ट्या हलत नव्हत्या, समोर कोणी बसलेले नव्हते. पण सरांचा हात वायरीतून आला आणि सरांची पेटी वाजू लागली. मालरच्या गुंडाळ्यापुढे बसलेल्यांना काय वाटत असेल ह्याची थोडी कल्पना आम्हाला आली. तीन दिवसांत एकतीसच्या एकतीस चाली मुद्रित झाल्या. काम पुरे झाले, असे आम्ही समजलो.

चौथ्या दिवशी काकूंना त्या ऐकवल्या. त्यांनी डोळे मिटून दोन चाली ऐकल्या. तिसरी सुरू झाली तशी त्या म्हणाल्या, "आवाज त्यांचाच आहे. पण सूर चुकलाय. ही मी म्हणत असे. माझी पांढरी चार."

आम्ही फाइल तपासली. चाल पांढरी एकमध्ये होती, ह्यात शंका नव्हती. तेव्हा काकूंनीच उलगडा केला. सरांची बोटे पांढरी एकमध्ये तयार झालेली. दुसऱ्या पट्टीत वाजवायचा त्यांना कंटाळा. म्हणून बोटे ते नेहमी तिथेच ठेवत आणि कीबोर्डावरचे एक बटण पाच वेळा दाबून सूर पाच पट्ट्या वर सरकवत. स्केल चेंजरच्या पेटीत पट्ट्यांचा संचच सरकवतात, तसे. त्या वाद्याची रीत अशी, की हे सरकवणे अगदी शेवटी, आवाज काढतानाच होई. मिडीच्या वायरीत बोटांखालची मूळ पट्टीच जाई. आणि वाद्य बंद केले की ते बटण शून्यावर येई. म्हणजे ही गोष्ट फाइलीत नव्हती, बॅटरीने जपलेल्या स्मृतीतही नव्हती. ती काकूंच्या गळ्यात होती.

आम्ही बटण पाच वेळा दाबले आणि पुन्हा मुद्रण सुरू केले. काकू हलक्या आवाजात सोबत म्हणू लागल्या. वायर थेट जोडलेली असल्यामुळे त्यांचा आवाज त्या मुद्रणात आलेला नाही. तो वेगळा, माइक ठेवून, दुसऱ्या दिवशी घेतला. वय झाले आहे, श्वास पुरत नाही. तीन मिनिटेच म्हणाल्या. भास्करबुवांचे स्मरण ठेवून आम्ही त्या तीन मिनिटांना नाही म्हटले नाही.

एकतीसपैकी सात चाली काकू गात असत; त्या सर्व पांढरी चारमध्ये पुन्हा मुद्रित केल्या. आता त्या घरात तीन गोष्टी आहेत. फाइलींत सरांचा हात. मुद्रणांत त्यांच्या वाद्याचा नाद. आणि त्यांच्यासोबत आम्ही एक साधा कागद ठेवला आहे : चालीचे पहिले शब्द, कोणत्या एकांकिकेसाठी केली, कोणी म्हटली, आणि पट्टी कोणती. दीडशे वर्षांपूर्वी गायन समाजाच्या मंडळींनी जिथून सुरुवात केली होती तिथेच, म्हणजे लिहून ठेवण्याशी, आम्ही शेवटी येऊन पोहोचलो. कागदावर नाद राहत नाही हे खरे. पण नादाविषयी जे नादातही राहत नाही, ते कुठेतरी लिहून ठेवावे लागते, आणि सांगणारे माणूस आहे तोवरच.